आधी पुस्तक, मग गिटार: जुन्या, दुर्मिळ आणि विचित्र गिटारींचा संग्रह कसा करावा

समजा, फेंडरची एक जुनी गिटार तुमच्यासमोर आली. आकार सरळसरळ टेलिकास्टरचा, पण हेडस्टॉकवर, म्हणजे मानेच्या वरच्या टोकावर, नुसतं ‘फेंडर’ लिहिलंय, मॉडेलचं नाव गायब. नवखा माणूस म्हणेल, नाव झिजलं असेल, नाहीतर माल नकली असेल. जाणकाराच्या मात्र छातीत धडधडायला लागेल. फेंडरनं ही गिटार आधी ‘ब्रॉडकास्टर’ या नावानं आणली होती आणि ग्रेच कंपनीचे ड्रम जवळजवळ त्याच नावानं आधीपासून विकले जात होते. ग्रेचनं हरकत घेतल्यावर १९५१च्या सुरुवातीला फेंडरच्या कारखान्यात छापून पडलेल्या नावपट्ट्यांमधून मॉडेलचं नाव कापून टाकलं गेलं. ‘टेलिकास्टर’ हे नवं नाव रुजेपर्यंत काही महिने अशाच बिननावाच्या गिटारी बाहेर पडत राहिल्या. संग्राहक त्यांना ‘नोकास्टर’ म्हणतात आणि त्यांच्यासाठी घर गहाण टाकायला तयार होतात.

गिटार तीच, लाकूड तेच. फरक एवढाच, की एकाने पुस्तकाचं ते पान वाचलंय आणि दुसऱ्याने नाही. म्हणून या छंदात पडू पाहणाऱ्याला मी पहिल्यांदा पुस्तकांचं कपाट करायला सांगतो. गिटार त्यानंतर.

कुंपण घालून घ्या

‘जुन्या गिटारी जमवतो’ असं म्हणणारा माणूस दोन वर्षांत खोली भरतो आणि तिसऱ्या वर्षी तोट्यात विकायला काढतो. विषय जितका अरुंद, तितकी नजर लवकर तयार होते. आणि विषय निवडताना दुर्मिळता म्हणजे किंमत हा समज आधीच सोडून द्या. अमेरिकेच्या मार्टिन कंपनीच्या युद्धपूर्व डी-४५ या मॉडेलच्या गिटारी फक्त ९१ बनल्या, १९३३ ते १९४२ या काळात. त्या दुर्मिळ आहेत आणि महागही. गिब्सनची १९५८ची मूळ फ्लाइंग व्ही शंभराच्या आतच बाहेर पडली. तिचीही तीच गत. पण इटलीतल्या एखाद्या छोट्या कारखान्याच्या जेमतेम वीस गिटारी उरल्या असतील आणि त्या घ्यायला कुणी फिरकणारही नाही. दुर्मिळता मोजता येते. मागणी ही लोकांच्या आठवणींवर चालते, कोणत्या वादकाच्या गळ्यात काय लटकत होतं यावर चालते. विचित्र गिटारी जमवणाऱ्याच्या पथ्यावर पडतं ते हेच.

माझ्या मते ब्रँडपेक्षा एखादा प्रश्न धरून संग्रह करावा. एक उदाहरण देतो. १९५०च्या दशकाच्या अखेरीस अकॉर्डियनचा बाजार ओसरू लागला आणि अकॉर्डियन बनवणारे कारखाने इलेक्ट्रिक गिटारकडे वळले. स्वीडनमधल्या एल्व्हडालेनची हागस्ट्रॉम त्यांतलीच, इटलीतल्या रेकानातीची एकोही. हाताशी अकॉर्डियनचं सामान होतं, तेच त्यांनी गिटारवर चढवलं: चकाकणारं सेल्युलॉइडचं आवरण, मोत्याच्या रंगाचं प्लास्टिक, रजिस्टर (म्हणजे आवाजाचा पोत) बदलायच्या बटणांसारखी बटणं. अशा पाच गिटारी शेजारी ठेवल्या तर एका उद्योगाचं स्थित्यंतर डोळ्यांसमोर उभं राहतं. एकेकटी पाहिली तर ती फक्त झगमगीत, जड गिटार असते.

दुसरा प्रश्न: लाकूड सोडून माणसाने गिटार कशाकशाची केली? ही यादी मोठी मजेशीर आहे. नेथन डॅनियल यांनी डॅनइलेक्ट्रोच्या गिटारी लाकडी चौकटीवर हार्डबोर्ड चिकटवून केल्या आणि पिकअप (तारांच्या कंपनांचे विजेचे संकेत करणारे भाग) लिपस्टिकच्या नळ्यांत बसवले. मारिओ मॅकाफेरी यांनी १९५३ मध्ये अख्खी प्लास्टिकची गिटार काढली. शिकागोच्या वाल्कोनं साठच्या दशकाच्या सुरुवातीला फायबरग्लासच्या साच्यातून नॅशनल आणि एअरलाइन या नावांनी गिटारी ओतल्या, त्यांतल्या काहींचा आकार अमेरिकेच्या नकाशासारखा. अॅम्पेगसाठी डॅन आर्मस्ट्राँग यांनी १९६९ मध्ये पारदर्शक अॅक्रिलिकची गिटार आणली. ट्रॅव्हिस बीननं १९७४ पासून अॅल्युमिनियमचे नेक (गिटारची मान) लावले. ते वाकत नाहीत हे खरं, पण गार खोलीत हाताला चटका बसल्यासारखे लागतात आणि हात गरम झाला की सूर हलतो. ही गोष्ट कॅटलॉगमध्ये लिहिलेली नसते. इटलीतले आंतोनिओ पिओली हे ‘वांड्रे’ नावानं गिटारी बनवत. त्यांनीही धातूचे नेक वापरले, आणि त्यांच्या गिटारी पाहून शिल्पकाराच्या हाताला तारा लागल्यात की काय असं वाटतं.

तिसरा रस्ता अमेरिकन डाकबाजारातला, म्हणजे कॅटलॉग पाहून टपालाने माल मागवायच्या दुकानांचा. सिअर्सच्या ‘सिल्वरटोन’ आणि माँटगोमेरी वॉर्डच्या ‘एअरलाइन’ या गिटारी हार्मनी, के, डॅनइलेक्ट्रो, वाल्को अशा कारखान्यांतून बनून यायच्या. नाव एकाचं, हात दुसऱ्याचा. कुणी बनवली हे ओळखण्यातच गंमत आहे. असाच खेळ जपानी गिटारींतही चालतो. मात्सुमोतोतल्या मात्सुमोकू कारखान्यानं आरिया, एपिफोन, युनिव्हॉक्स, वेस्टोन अशा कितीतरी नावांसाठी गिटारी घडवल्या.

कपाट कसं भरावं

पहिली खरेदी सर्वसमावेशक ग्रंथाची करा. टॉम व्हीलर यांचं १९८२ सालचं ‘अमेरिकन गिटार्स’ निर्मात्यांच्या नावांनुसार लावलेलं आहे. ते वाचायला घेतलं की रात्र जाते. जॉर्ज ग्रून आणि वॉल्टर कार्टर यांचं १९९१ मध्ये पहिल्यांदा आलेलं ‘ग्रून्स गाइड’ मात्र वाचायचं पुस्तक नाही, ते शब्दकोशासारखं हाताशी ठेवायचं आहे: कोणत्या मॉडेलला कोणत्या वर्षी कोणते इनले (जडावाची नक्षी), कोणता ब्रिज (धडावरचा तारांचा आधार), कोणती बाइंडिंग (कडेची किनार). गिटार बघायला जाताना मी तेच पिशवीत टाकतो.

पुढची पुस्तकं तुमच्या कुंपणाप्रमाणे. मार्टिनवाल्यांसाठी माइक लाँगवर्थ यांचा १९७५चा इतिहास हवाच. लेखक कंपनीतच कामाला होते, त्यामुळे उत्पादनाचे आकडे आतून आलेले आहेत. धातूच्या रेझोनेटर गिटारींसाठी (आतल्या धातूच्या शंकूनं आवाज मोठा करणाऱ्या) बॉब ब्रोझमन यांचा १९९३चा नॅशनलवरचा ग्रंथ. दुर्लक्षित कंपन्यांसाठी मायकेल राइट यांच्या ‘गिटार स्टोरीज’चे खंड, कारण इतरांनी ज्या गिटारींना दोन ओळी दिल्या त्यांना राइट पानंच्या पानं देतात.

पुस्तक घेताना दोन हेतू वेगळे ठेवा. वापरायची प्रत आणि जपायची प्रत. वापरायच्या प्रतीला वाचनालयाचा शिक्का, फाटकं वेष्टन, समासातल्या पेन्सिलच्या नोंदी काहीही चालेल. आधीच्या मालकानं ‘हे चूक आहे, माझ्याकडच्या गिटारीत वेगळं दिसतं’ असं समासात लिहिलेलं असेल तर मी दोन पैसे जास्त मोजेन. जपायच्या प्रतीसाठी पहिली आवृत्ती, पहिलं मुद्रण, मूळ वेष्टन. अनेक इंग्रजी पुस्तकांत मुद्रणाच्या पानावर आकड्यांची ओळ असते. तीत १ शिल्लक असेल तर सहसा पहिलं मुद्रण समजावं.

आवृत्त्यांबद्दल एक सूचना. नवी सुधारित आवृत्ती आली म्हणून जुनी टाकू नका. जुन्या पुस्तकातली चूक तिथून शेकडो विक्रेत्यांच्या वर्णनांत गेलेली असते. चूक कुठून आली हे कळायला जुनं पान हाताशी लागतं. दरवर्षी निघणाऱ्या किमतींच्या मार्गदर्शिकांचंही तसंच. चालू वर्षाची किंमत ठरवायला त्यांचा थोडाच उपयोग, पण वीस वर्षांच्या प्रती रांगेत ठेवल्या की कोणती लाट कधी आली आणि कधी ओसरली ते दिसतं.

पुस्तकांहून मौल्यवान म्हणजे मूळ कॅटलॉग, किंमतपत्रकं, हमीपत्रं, गिटारला दोऱ्यानं टांगलेले पुठ्ठ्याचे टॅग. जपानी आणि पूर्व युरोपीय गिटारींच्या बाबतीत पुष्कळदा पुस्तकच नसतं, कॅटलॉग हाच एकमेव पुरावा. पुनर्मुद्रणं खूप फिरतात, म्हणून पाहताना भिंग घ्या. छापील फोटोचा पुन्हा फोटो काढून छापलेला असेल तर ठिपक्यांची जाळी मळकट होते, त्यात लाटा दिसतात. अल्ट्राव्हायोलेट टॉर्च असेल तर आणखी सोपं. साधारण १९५०नंतरच्या कागदात उजळपणासाठी रसायनं येऊ लागली, त्यामुळे १९३०च्या म्हणून दाखवलेल्या कॅटलॉगचा कागद त्या प्रकाशात निळसर पांढरा लखलखला तर हात जोडून परत द्या. ही टॉर्च जपून ठेवा, गिटारसाठीही लागणार आहे.

आणि कॅटलॉगवर आंधळा विश्वास नको. त्यातलं चित्र बऱ्याचदा नमुन्याचं असतं, कारखान्यातून बाहेर पडलेला माल वेगळा. कागद आहे आणि गिटार नाही, असंही घडतं. गिब्सननं १९५७ मध्ये फ्लाइंग व्ही आणि एक्सप्लोररसोबत ‘मॉडर्न’ नावाच्या तिसऱ्या आकाराच्या पेटंटसाठी अर्ज केला. पेटंटचं चित्र उपलब्ध आहे. त्या काळातली सर्वमान्य अस्सल मॉडर्न मात्र आजवर कुणालाही दाखवता आलेली नाही. ‘माझ्या आजोबांच्या माळ्यावर मिळाली’ असं सांगत कुणी ती घेऊन आलं, तर चहा पाजा आणि पाकीट खिशातच ठेवा.

तारीख वाचायला शिका

सीरियल नंबर हा पुराव्याचा एक तुकडा आहे, निकाल नव्हे. कोणत्या कंपनीच्या नंबरावर किती भिस्त ठेवायची हे आधी शिकावं लागतं.

मार्टिन सगळ्यांत सरळ. १८९८ मध्ये त्यांनी ८००० पासून क्रमांक सुरू केले आणि तीच रांग पुढे चालत राहिली. आतल्या ठोकळ्यावरचा आकडा वाचा, तक्ता बघा, वर्ष मिळालं. गिब्सनच्या साठच्या दशकातल्या क्रमांकांनी मात्र भल्याभल्यांना रडवलंय, कारण तेच आकडे वेगवेगळ्या वर्षी पुन्हा वापरले गेले. तिथे बाकीच्या खुणा जुळवाव्या लागतात. हेडस्टॉकच्या मागे ‘मेड इन यूएसए’ असा ठसा असेल तर गिटार १९७० किंवा त्यानंतरची, मग विक्रेता ती १९६६ची असल्याच्या कितीही शपथा घेवो. १९७७पासून गिब्सननं शहाणपण केलं. आठ आकड्यांपैकी पहिला आणि पाचवा मिळून वर्ष, दुसरा ते चौथा मिळून वर्षातला कितवा दिवस. ८२७६५५०१ हा आकडा असेल तर १९८५ सालचा २७६वा दिवस, म्हणजे ३ ऑक्टोबर. शेवटचे तीन आकडे ५०० किंवा त्यापुढचे असले तर नॅशव्हिलचा कारखाना.

फेंडरचा क्रमांक बहुतेक वेळा नेकमागच्या धातूच्या पट्टीवर, आणि ती पट्टी नुसत्या चार स्क्रूंनी बसवलेली. स्क्रू काढले की पट्टी दुसऱ्या गिटारीवर. म्हणून नेक उतरवून त्याच्या टाचेवरची तारीख पाहतात. सुरुवातीला ती पेन्सिलनं लिहिलेली असे, १९६२च्या वसंतापासून शाईचा शिक्का आला. त्यात महिना आणि वर्षासोबत एक अक्षर असतं. ते नेकच्या रुंदीचं आहे. ‘बी’ म्हणजे नेहमीची रुंदी. ही तारीख नेक बनल्याची आहे, गिटार जुळवल्याची नव्हे. दोन्हींत काही महिन्यांचं अंतर असणं अगदी स्वाभाविक.

मग व्हॉल्यूम आणि टोनचे पॉट, म्हणजे गुंड्यांखालचे विजेचे नियंत्रक. त्यांच्या पाठीवर किंवा कडेला ठोकलेला आकडा हा या विद्येचा सर्वांत उपयोगी धडा आहे. पहिले तीन आकडे बनवणाऱ्याचे: ३०४ म्हणजे स्टॅकपोल, १३७ म्हणजे सीटीएस. पुढचे वर्ष आणि आठवडा. ३०४६३२० वाचायचं असं: स्टॅकपोल, १९६३, विसावा आठवडा. पन्नाशीच्या दशकातल्या पॉटवर वर्षाचा एकच आकडा असायचा, तिथे दशक इतर खुणांवरून ठरवावं लागतं.

पॉट ‘याआधीची नाही’ एवढंच सांगतो. ‘याच वर्षाची’ असं कधी सांगत नाही. जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीनं फेंडर विकत घेतल्यावर पॉटची इतकी मोठी खरेदी झाली, की १९६६ची तारीख असलेले पॉट पुढे कित्येक वर्षं गिटारींत बसत राहिले. त्यामुळे नेक १९६८चा आणि पॉट १९६६चे दिसले तर घाबरू नका. उलटं असेल, म्हणजे नेक १९६४चा आणि पॉट १९७२चे, तर कुणीतरी आत हात घातलाय.

जपानी गिटारींत यातलं निम्मं चालत नाही. साठच्या दशकातल्या अनेकींना क्रमांकच नाहीत. तिथे हेडस्टॉकचा आकार, पिकअपची झाकणं, स्विचच्या पट्टीची धाटणी हीच लिपी. तेइस्को ही कंपनी १९६७ मध्ये कावाई कंपनीकडे गेली, त्याच्या आगेमागे काय बदललं हे कॅटलॉगच्या पानांवरून टिपत जावं लागतं. याच बाजारात ‘लॉसूट’ (खटला) हा शब्द सर्रास फेकला जातो, त्याबद्दल सांगतो. १९७७ मध्ये गिब्सनच्या मालक कंपनीनं आयबानेझ या जपानी ब्रँडच्या अमेरिकी वितरकावर खटला भरला. वाद हेडस्टॉकच्या आकाराचा होता आणि तोवर आयबानेझनं तो आकार बदलायलाही घेतला होता. एका कंपनीवरचा एक खटला. पण आज सत्तरच्या दशकातली कोणतीही जपानी नक्कल ‘लॉसूट काळातली’ म्हणून चढ्या भावात विकायला ठेवतात. नक्कल चांगली असेल तर जरूर घ्या, त्या शब्दाचे पैसे मात्र देऊ नका.

हातात घेतल्यावर

सोबत काय न्यायचं: अल्ट्राव्हायोलेट टॉर्च, दाढीच्या आरशाएवढा आरसा, छोटा दिवा, सरळ पोलादी पट्टी, मल्टिमीटर, भिंग. आणि नाक.

खोली अंधारी करून टॉर्च फिरवा. जुनं नायट्रोसेल्युलोज लॅकर (गिटारवरचा चकचकीत लेप) हिरवट पिवळं चमकतं. एखाद्या भागात ती चमक एकदम तुटली, गडद ठिगळ दिसलं, तर तिथं नंतर रंग मारलाय किंवा दुरुस्ती झालीय. हेडस्टॉक आणि नेकच्या सांध्याभोवती विशेष बघा. गिब्सनचा हेडस्टॉक मागे कललेला असतो आणि नेमका तिथेच ट्रस रॉडसाठी (नेक सरळ ठेवणाऱ्या सळईसाठी) खोबण कोरलेली, त्यामुळे पडल्यावर तो तुटायचाच. चांगली दुरुस्ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, या प्रकाशात दिसते. व्यवहारात पूर्ण नव्यानं रंगवलेली किंवा हेडस्टॉक जोडलेली गिटार अस्सल स्थितीतल्या गिटारीच्या साधारण निम्म्या भावाला जाते. वाजवायला हवी असेल तर याहून चांगला सौदा नाही. संग्रहाला हवी असेल तर मात्र भाव त्याच हिशेबानं द्यायचा.

अकूस्टिक गिटारीत आरसा आणि दिवा आत घाला. ब्रिजखालची लाकडी पट्टी चिरली आहे का, आतले आडवे-तिरपे दांडे सुटलेत का, पूर्वीच्या सुताराचा फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद कुठे ओघळलाय का. नंतर पोलादी पट्टी फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या तारांवर) ठेवून ब्रिजकडे सरकवा. टोक ब्रिजच्या माथ्याला टेकलं तर उत्तम. त्याच्या खाली आपटलं तर नेकचा कोन बदलायला हवा, म्हणजे नेक रिसेट. मार्टिननं फिरवता येणारा ट्रस रॉड १९८५ मध्ये आणला. त्याआधीच्या गिटारीची तार उंच असेल तर चावी फिरवून काही होणार नाही. तो खर्च मनात धरूनच किंमत बोला.

इलेक्ट्रिकमध्ये मागचं झाकण उघडून सोल्डर पाहा. जुना टाका मंद, राखाडी असतो, कापडी वेष्टनाच्या तारांवर बसलेला. पाचातला एकच टाका चकचकीत असेल तर तिथे काहीतरी बदललंय. गिब्सनचे पन्नाशीतले हंबकर (दोन कॉइल जोडून गुणगुण मारणारे) पिकअप म्हणजे ज्यांच्या तळाला ‘पेटंट अप्लाइड फॉर’ अशी पट्टी असते ते. त्यांच्या पट्ट्या आज सुट्या विकत मिळतात, त्यामुळे पट्टी म्हणजे पुरावा मानू नका. गंमत म्हणजे पुढे पेटंटचा आकडा छापलेल्या पट्ट्या आल्या, त्यावरचा २७३७८४२ हा आकडा पिकअपचा नव्हताच, तो तार अडकवायच्या टेलपीसच्या पेटंटचा होता.

विचित्र गिटारींची तपासणी वेगळ्या अंगानं करावी लागते. तिथे खोटेपणाची भीती कमी, अपुरेपणाची जास्त. १९६२ची सिल्वरटोन तिच्या केसमध्येच अॅम्प्लिफायर असलेली मिळायची. केस नसेल तर अर्धीच वस्तू. व्हॉक्सच्या गिटार-ऑर्गनमध्ये फ्रेट म्हणजे विजेचे संपर्कबिंदू, तार टेकली की ऑर्गनचा स्वर. तिचा वीजपुरवठ्याचा डबा आणि खास केबल नसेल तर ती भिंतीवर लावायची शोभा. सोव्हिएत गिटारींना पाच पिनांचे प्लग, ते कापून साधा जॅक लावलेला बहुधा दिसतोच. तेइस्कोच्या काही मॉडेलांवरच्या सोनेरी पत्र्याच्या पिकअपना वादकांत इतकी मागणी आहे, की लोक अख्खी गिटार खोलून पिकअप तेवढे विकतात आणि उरलेलं धूड दुसऱ्या कुणाच्या माथी मारतात.

यात मीही ठेच खाल्लीय. फोटोत सोनेरी झाकणं बघून चार पिकअपची एक जपानी गिटार मागवली. आली तेव्हा झाकणं जुनी, आतल्या कॉइल नव्या. विक्रेत्यानं खोटं काही सांगितलं नव्हतं, कारण मी काही विचारलंच नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक पिकअपचं ओहममधलं माप आणि पाठीमागचा फोटो आल्याशिवाय मी पुढे बोलतच नाही.

घेताना, मागवताना

विक्रेत्याला ‘ओरिजिनल आहे का?’ असं कधी विचारू नका. त्याचं उत्तर नेहमी ‘हो’ असतं. एकेक भाग घेऊन विचारा: फ्रेट कधी बदलले, ट्यूनरच्या (तारा ताणायच्या खुंट्यांच्या) छिद्रांभोवती जुन्या स्क्रूंचे वण आहेत का, नट (हेडस्टॉकपाशी तारा टेकतात ती पट्टी) मूळचा का, ट्रस रॉड दोन्हीकडे फिरतो का, झाकणाखालचा फोटो पाठवाल का. उत्तरं लेखी घ्या. टाळाटाळ करणाऱ्याकडची गिटार, ती कितीही देखणी असो, राहू द्या. तशीच दुसरी येईल. विचित्र गिटारींना गिऱ्हाईक कमी असतं, त्यामुळे घाई तुम्हाला नसून त्याला असते.

सीमेपलीकडून मागवत असाल तर लाकूड विचारा. ब्राझिलियन रोझवूड १९९२पासून वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या पहिल्या, सर्वांत कडक परिशिष्टात आहे. जानेवारी २०१७ मध्ये रोझवूडच्या बाकी सगळ्या जातींवरही निर्बंध आले आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, पण ती सूट ब्राझिलियनला नाही. मार्टिननं १९६९ मध्ये भारतीय रोझवूड घ्यायला सुरुवात केली, त्याआधीच्या रोझवूडच्या मार्टिन याच कचाट्यात येतात. जुन्या फेंडर आणि गिब्सनचा नुसता फ्रेटबोर्ड त्या लाकडाचा असला तरी परवाना लागतो. हस्तिदंती नट किंवा कासवाच्या कवचाचं काही असेल तर आणखी कठीण. पैसे देण्याआधी परवाना कोण काढणार हे ठरवून घ्या. सीमाशुल्क खात्याच्या गोदामात अडकलेली गिटार बघण्यासारखं दुःख नाही.

पाठवणाऱ्याला तारा एक-दोन सूर उतरवायला सांगा, आणि केसमध्ये हेडस्टॉकच्या खाली आणि भोवती कागद ठासून भरायला. खोकं घरी आलं की, पुढचं वाक्य दोनदा वाचा, लगेच उघडू नका. गार विमानातून उबदार खोलीत आलेल्या लॅकरला एकदम हवा लागली की काचेसारखे तडे जातात. बंद केस रात्रभर खोलीत राहू द्या.

सांभाळताना

गिटार आणि पुस्तकं, दोघांची प्रकृती सारखीच: ४५ ते ५५ टक्के आर्द्रता, ऊन नाही, तापमानात झटके नाहीत. एक आर्द्रतामापक खोलीत आणि एक केसमध्ये ठेवला की बाकीचं सांभाळता येतं. रबर किंवा फोमचे स्टँड नायट्रो लॅकरला खातात, व्हायनिलचा पट्टाही. पॉलिश करू नका. कोरडं सुती फडकं पुरे.

सेल्युलॉइडकडे मात्र डोळ्यात तेल घालून बघावं लागतं. जुने पिकगार्ड (वादकाच्या नखांपासून धड वाचवणारी पट्टी), बाइंडिंग, ट्यूनरच्या गुंड्या आणि अकॉर्डियनवाल्यांची ती चमकदार आवरणं बरीचशी सेल्युलोज नायट्रेटची असतात. हा पदार्थ आतून सडतो आणि सडताना आम्लाच्या वाफा सोडतो. आधी कडेला बारीक तडे, मग आंबट झोंबरा वास, मग शेजारच्या धातूवर हिरवा गंज. बंद केसमध्ये वाफा कोंडल्या की एका पिकगार्डपायी तारा, ट्यूनर, पिकअपची झाकणं सगळं जातं, आणि ही कीड शेजारच्या सेल्युलॉइडलाही लागते. सडणारा भाग सुटा होत असेल तर काढा, हवा खेळती असलेल्या डब्यात वेगळा ठेवा, त्यावर कोणत्या गिटारीचा ते लिहा. सुटा होत नसेल तर गिटार केसबाहेर उघड्या हवेत राहू द्या. हा पदार्थ पेटही चटकन घेतो, म्हणून दिव्याच्या बल्बजवळ नको. आणि पुस्तकांच्या कपाटात तर अजिबात नको, त्या वाफा कागदही पिवळा करतात.

कॅटलॉग आणि टॅग पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटांत ठेवा, पीव्हीसीच्या नको. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावण्यापेक्षा ते फाटकं राहिलेलं बरं.

बदललेला कोणताही सुटा भाग, अगदी तुटका स्क्रूसुद्धा, टाकायचा नाही. पाकिटात घालून तारीख लिहून केसच्या खिशात.

तुमची वही

मोठ्या कंपन्यांचा इतिहास लिहून झालाय. तुमच्या त्या विचित्र गिटारीचा बहुधा नाही, आणि जो पहिल्यांदा नीट नोंद करेल त्याचीच नोंद पुढचे लोक वापरतील. म्हणून प्रत्येक गिटारीला चार-पाच पानं द्या. वजन, स्केलची लांबी (नटपासून ब्रिजपर्यंतच्या तारेची), नटची रुंदी, नेकची जाडी पहिल्या आणि बाराव्या फ्रेटपाशी, प्रत्येक पिकअपचा ओहम, सगळ्या पॉटचे आकडे जसेच्या तसे, न समजलेले सुद्धा. फोटो दिवसाच्या उजेडात: पुढून, मागून, नेकची टाच, झाकणाखालची तारांची जुळणी, केसचं अस्तर. कोणाकडून आली, त्यांनी काय सांगितलं. ऐकीव माहिती वेगळ्या रंगाच्या शाईत लिहा, म्हणजे दहा वर्षांनी ती तुम्हालाच पुरावा वाटणार नाही.

केसचा खिसा रिकामा करण्याआधी त्याचाही फोटो घ्या. पावती, जुन्या तारांचं पाकीट, कुण्या विद्यार्थ्याच्या हातची कॉर्डांची चिठ्ठी, पट्ट्याचं बक्कल. माझ्याकडच्या एका गिटारीचं साल मला शेवटी तारांच्या पाकिटावर पेन्सिलनं लिहिलेल्या हप्त्यांच्या हिशेबातून सापडलं. ते पाकीट मी परत त्याच खिशात ठेवलंय, आणि गिटार विकली तर ते आणि वहीतल्या त्या पानांची प्रत तिच्याबरोबर जाईल.